पात्राला स्वप्न पाडण्यापूर्वी

कथा लिहिताना स्वप्नाचा मोह बहुधा एका ठरावीक ठिकाणी होतो. पात्राच्या मनात काय चाललंय हे लेखकाला ठाऊक असतं, पण ते वाचकापर्यंत पोचवायला प्रसंग सापडत नसतो. मग रात्र होते, पात्र कूस बदलत बदलत झोपी जातं आणि पुढच्या दीड पानात धुकं, अंधारा जिना, पाठलाग करणारी सावली, तळ नसलेली विहीर असं सगळं येऊन जातं. दचकून जाग येते, अंग घामानं भिजलेलं असतं, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायलं जातं आणि कथा जिथे अडली होती तिथूनच पुढे सुरू होते. त्या दीड पानातून वाचकाला एवढंच कळतं की पात्र घाबरलेलं आहे, आणि ते त्याला आधीच्याच पानावर कळलेलं असतं. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की स्वप्न म्हणजे मनाची सही सही नक्कल असं आपण धरून चालतो. कथालेखकानं मात्र या म्हणीवर फार विसंबू नये. आपल्या मनात अमुक आहे हे पात्राला माहीत असेल, तर ते जागेपणी बोलता येतं, वागण्यातून दाखवता येतं. त्यासाठी झोप लावण्याचं कारण नाही. पात्रानं स्वतःशीही कबूल न केलेल्या गोष्टीसाठी स्वप्न राखून ठेवावं. आणि एकदा ते वापरलं की त्याचा हिशेब सकाळी पुरा करावा. जाग आल्यावर पात्र त्या स्वप्नाचं काय करतं, त्यात त्याचं मन वाचकाला खऱ्या अर्थानं दिसतं. स्वप्नाचा मजकूर हा त्या सकाळचा पूर्वार्ध आहे, असं समजून लिहायला बसलं तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

याचा सर्वांत भक्कम पुरावा दस्तयेवस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये सापडतो. ही कादंबरी १८६६ साली एका रशियन मासिकातून क्रमशः आली. पीटर्सबर्गमध्ये राहणारा, शिक्षण अर्धवट सुटलेला रास्कोलनिकोव एका सावकार म्हातारीच्या खुनाचा विचार मनात घोळवत असतो. त्याच्यापाशी त्यासाठी तर्कशुद्ध समर्थन आहे: म्हातारी कुणाच्याच उपयोगाची नाही, तिच्या पैशातून कितीतरी लोकांचं भलं होईल. खुनाच्या आदल्या दिवशी भटकताना तो थोडी व्होडका घेतो; सवय नसल्यानं पाय जड होतात आणि तो झुडपांमध्ये गवतावर आडवा होतो. स्वप्नात तो सात वर्षांचा आहे. सणाचा दिवस, संध्याकाळची वेळ, वडिलांचं बोट धरून तो गावाबाहेरच्या दफनभूमीकडे निघालाय. वाटेत दारूच्या गुत्त्यापाशी एका अवजड गाडीला एक मरतुकडी घोडी जुंपलेली दिसते. तिचा मालक मिकोल्का झिंगलेल्या लोकांना गाडीत चढवतो आणि घोडी गाडी ओढू शकत नाही म्हणून तिला चाबकानं, मग लाकडी दांड्यानं, शेवटी लोखंडी पहारीनं मारतो. घोडी माझी आहे, मी वाटेल ते करीन, असं ओरडत राहतो. घोडी मरते. लहानगा रास्कोलनिकोव गर्दीतून घुसून तिच्या रक्ताळलेल्या तोंडाला मिठी मारतो, तिचे मुके घेतो आणि चिमुकल्या मुठी आवळून मिकोल्कावर धावून जातो. वडील त्याला उचलून बाजूला नेतात. दारुडे आहेत ते, आपल्याला काय करायचंय, असं समजावतात.

या स्वप्नात म्हातारी नाही, कुऱ्हाड नाही, खुनाचा बेत नाही. तरीही वाचकाला कळतं की रडणारा मुलगा, पहार उगारणारा मिकोल्का आणि ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणणारे वडील हे तिघे एकाच डोक्यात राहतात. जागेपणीच्या तर्काला यातलं काहीच उमगलेलं नाही. पण दस्तयेवस्कीचं कसब खरं दिसतं ते पुढच्या दोन पानांत. रास्कोलनिकोव जागा होतो आणि स्वप्नाचा रोख त्याला लगेच कळतो: मी खरंच कुऱ्हाड हातात घेणार, खरंच कुणाचं तरी डोकं फोडणार? तो शहारतो, बेत सोडून देतो, मोकळा श्वास घेतो. मग घरी परतताना काही कारण नसताना लांबचा रस्ता पकडून बाजारातून जातो. तिथे त्याच्या कानावर पडतं की उद्या संध्याकाळी सात वाजता म्हातारीची बहीण घरी नसेल, म्हणजे म्हातारी एकटी असेल. आणि दुसऱ्या दिवशी तो खून करतो. आता हे स्वप्न काढून टाकून पाहा. उरतो एक थंड डोक्याचा, तत्त्वज्ञान पाजळणारा खुनी. स्वप्न ठेवा, पण त्यानंतरचं शहारणं आणि मोकळं होणं काढून टाका, तर उरतं एक हृदयद्रावक चित्र, जे स्वतंत्र कथा म्हणूनही छापता येईल. दोन्ही एकत्र असल्यामुळेच वाचकाला एक अवघड गोष्ट स्वीकारावी लागते: या माणसात पुरेशी करुणा आहे, त्याला ती दिसलीही आहे, आणि तिचा काहीही उपयोग झालेला नाही. हे वाक्य निवेदकाने स्वतःच्या तोंडून सांगितलं असतं, तर कुणी मानलं नसतं.

सकाळ इतकी भयंकरच असली पाहिजे असं नाही. तोलस्तोयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ सुरू होते तेव्हा बाहेरख्याली स्तिवा एका झकास स्वप्नातून जागा होतोय. स्वप्नात मेजवानी आहे, टेबलं गाणं म्हणताहेत, काचेच्या लहान लहान सुरया आहेत आणि त्या सुरया म्हणजे बायका आहेत. तो खुशीत हसतो, सवयीनं झग्यासाठी हात लांब करतो आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आपण बायकोच्या खोलीत नाही, अभ्यासिकेतल्या सोफ्यावर झोपलोय, कारण आपलं लफडं तिला कळलंय. स्वप्नाला जेमतेम एक परिच्छेद दिलाय. त्यात अपराधाचा मागमूस नाही, आणि तोच त्या माणसाचा परिचय आहे: घर कोसळतंय आणि याला स्वप्नं पडताहेत ती मेजवानीची. नवख्या लेखकानं या ठिकाणी स्तिवाला पश्चात्तापाचं स्वप्न पाडलं असतं. बर्गमनच्या १९५७ सालच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ या चित्रपटातही असाच एक धडा आहे. म्हाताऱ्या प्राध्यापकाला काटे नसलेलं घड्याळ आणि स्वतःचीच शवपेटी दिसते. स्वप्न गाजलं ते त्यातल्या चित्रांमुळे, पण कथेच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते त्यानंतर तो काय करतो हे. तो पहाटे उठून घरकाम पाहणाऱ्या बाईला सांगतो की मी विमानानं जाणार नाही, मोटार घेऊन निघतो. मरणाच्या भीतीबद्दल तो तिच्याशी अवाक्षर बोलत नाही. प्रवासाचं साधन बदलतो, आणि त्या बदलातून सगळा चित्रपट घडतो.

स्वप्न आतून दाखवायचं असतं असाही एक समज आहे. तो खोडून काढायला आपल्याकडचंच उदाहरण पुरेसं आहे. भासाच्या नावावर असलेलं ‘स्वप्नवासवदत्त’ हे नाटक कित्येक शतकं फक्त नावानं माहीत होतं, टी. गणपतिशास्त्रींना केरळात हस्तलिखितं मिळाली आणि १९१२ साली ते त्रिवेंद्रमहून छापलं गेलं. राजा उदयनाला वाटतंय की राणी वासवदत्ता आगीत जळून गेली. प्रत्यक्षात मंत्र्यानं राज्याच्या हितासाठी रचलेला तो डाव आहे, आणि ती वेष पालटून नव्या राणीच्या, पद्मावतीच्या आश्रयाला राहिली आहे. पाचव्या अंकात राजा झोपतो. झोपण्याआधी विदूषक त्याला गोष्ट सांगू लागतो आणि सुरुवातच करतो उज्जयिनीपासून, म्हणजे वासवदत्तेच्या माहेरापासून. राजा त्या नावाशी अडखळतो. विदूषक घाईनं दुसरी गोष्ट काढतो, त्यात राजाचं नाव गावाला आणि गावाचं नाव राजाला देऊन बसतो, ते दुरुस्त करून घोकत राहतो; तोवर राजाचा डोळा लागतो आणि थंडी आहे म्हणून विदूषक पांघरूण आणायला जातो. दिवसभरातला एखादा किरकोळ तुकडा रात्री स्वप्नाचा धागा होतो हे फ्रॉइडनं मांडलं, त्याच्या कितीतरी शतकं आधी ते इथे असं सहज, विनोदाच्या आडून पेरलेलं आहे.

मग वासवदत्ता येते. पद्मावतीचं डोकं दुखतंय असं कळल्यानं ती तिच्या शेजारी बसायला आलेली आहे. अंधारात राजालाच पद्मावती समजते. राजा झोपेत तिला हाक मारतो, रागावलीस का विचारतो, अंगावर दागिने का नाहीत असं विचारतो. ती उत्तरं देते. मग तो विरचिका या जुन्या प्रेमपात्राचं नाव काढतो आणि ती भडकते: इथेही विरचिकाच का! प्रेक्षकाला राजाचं स्वप्न दिसत नाही, फक्त त्यातले शब्द ऐकू येतात, आणि त्या शब्दांना एक जिवंत बाई उत्तर देत असते. दुःखाच्या भरात राजानं वासवदत्तेचं कितीही कौतुक केलं असतं तरी ते एका विधुराचं औचित्य ठरलं असतं. झोपेत मात्र त्याला जुनं भांडण आठवतं, आणि मेलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या बाईला अजून जुना मत्सर छळतो. हा संसार खरा होता हे त्या एका नावानं पटतं. निघताना ती खाटेवरून लोंबकळणारा त्याचा हात वर उचलून ठेवते, त्या स्पर्शानं तो जागा होतो, तिच्यामागे धावतो आणि दाराच्या फळीवर आपटतो. पुढे विदूषक त्याला पटवू पाहतो की हे स्वप्नच होतं, आणि स्वप्न असेल तर जागच नको होती असं म्हणणारा हा राजा आता पद्मावतीचा नवरा आहे, हे प्रेक्षक विसरलेला नसतो. लेखकानं यातून शिकण्यासारखं एवढं की स्वप्न बाहेरूनही लिहिता येतं. झोपेतलं बरळणं, हातवारे, उठल्यावर उशीखाली काहीतरी शोधणं, एवढ्यावरही काम भागतं, आणि कित्येकदा आतल्या दीड पानापेक्षा चांगलं भागतं.

आता हे आपल्या कथेत कसं उतरवायचं ते एका काल्पनिक पात्रावर करून पाहू. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव लागलं. रस्ता झाला, जमिनीला भाव आला, आणि भावानं बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. तिनं कुरकुर न करता सही केली. त्यानं तिला भारीतली साडी घेतली, दाजींना टॉवेल-टोपी केली, जेवण घातलं. आपण काही वावगं केलं असं त्याला वाटत नाही. सगळ्या गावात असंच चालतं. अशा माणसाला पहिल्या झटक्यात सुचणारं स्वप्न असं: वडील संतापून उभे आहेत, बहीण रडतेय, पायाखालची जमीन दुभंगते. हे वाईट आहे, कारण यात भावाचं मन नाही, लेखकाचा निवाडा आहे. स्वप्न भावाला पडलंय की लेखकाला, असा प्रश्न वाचकाला पडतो. दुसरा प्रयत्न करू. स्वप्नात भाऊ रजिस्ट्री ऑफिसात आहे. अंगठ्याचं मशीन त्याचा अंगठा घेत नाही. कारकून वर न बघता म्हणतो, हात धुऊन या. मागच्या बाजूला नळ आहे आणि नळावर बहीण शाळेच्या गणवेशात बाटली भरत उभी आहे. ती लगेच बाजूला होते, तू आधी घे म्हणते. तो हात धुतो, पण नळ बंद होत नाही; पाणी वाहत राहतं आणि त्याला एकाच गोष्टीचा राग येतो, की पाणी वाया चाललंय आणि ही नुसती उभी आहे. जाग आल्यावर तो आधी विहिरीवरची मोटर चालू तर राहिली नाही ना हे बघून येतो. मग सात वाजता बहिणीला फोन लावतो, साडी पसंत पडली ना विचारतो, आणि ती काही बोलायच्या आत ठेवून देतो.

या दुसऱ्या स्वप्नात काय काय केलं ते पाहा. सगळं सामान जागेपणीचं आहे: ऑफिस, अंगठा, कारकून, पाणी. एकही चित्र ‘अपराध’ या शब्दासाठी मुद्दाम आणलेलं नाही. बाजूला होणं ही बहिणीची लहानपणापासूनची सवय आहे, आणि ती भावाला कधी दिसलेली नव्हती. स्वप्नानं ती दाखवली, तरी त्याला ती अजूनही दिसत नाही. भावना चुकीच्या जागी पडली आहे: लाज वाटायला हवी तिथे त्याला पाण्याचा राग आलाय. पडलेल्या स्वप्नांमध्ये असं खरंच होतं, भयंकर प्रसंगात माणूस शांत असतो आणि चप्पल सापडत नाही म्हणून व्याकूळ होतो. लेखकासाठी ही भावनेची जागा चुकणं फार मोलाची चीज आहे, कारण भावना कुठून सरकली याचा शोध वाचक स्वतः घेतो. आणि शेवटचा फोन. स्वप्न नसतं तर तो फोन म्हणजे भावाची माया ठरली असती. फोन नसता तर स्वप्न नुसतं नक्षीकाम राहिलं असतं. अर्थ सांगणारं एकही वाक्य यात नाही. ‘त्याला आतून काहीतरी टोचत होतं’ असं लिहिलंत की वाचकाच्या हातातलं काम तुम्ही काढून घेतलंत.

या सगळ्यावर आपल्याकडून येणारा एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आपल्या परंपरेत स्वप्न हे मनाचं नसतंच, ते दृष्टांत असतं. बाहेरून, वरून आलेला निरोप. रामायणात आजोळी असलेल्या भरताला वडील डोंगरावरून शेणाच्या खड्ड्यात पडताना दिसतात, आणि पाठोपाठ अयोध्येहून दूत येऊन ठेपतात. लंकेत त्रिजटेला रावणाचा विनाश दिसतो. तुकोबांना नामदेव विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगतात, त्यांचे गुरू बाबाजी स्वप्नातच मंत्र देतात, आणि संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश होतो तोही स्वप्नात. आजही कितीतरी घरांत अमुक स्वप्न पडलं म्हणून नवस फेडला जातो. अशा वाचकापुढे मनाचं स्वप्न ठेवून कसं चालेल? उत्तर असं की पात्रानं स्वप्नावर दृष्टांत म्हणून विश्वास ठेवायला काहीच हरकत नाही. उलट तो विश्वास ही त्या पात्राची सकाळ आहे, ती भरपूर वापरावी. कथेनं मात्र त्या स्वप्नाला खरं ठरवण्याची घाई करू नये. स्वप्नात दिसलं तेच पुढे घडलं, तर स्वप्न कथानकाची आगाऊ सूचना होतं आणि पात्राचं मन त्यातून बाहेर फेकलं जातं. शिवाय तुकोबांच्या त्या अनुभवातला एक तपशील लेखकानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला, असं ते सांगतात. मंत्र मिळणं ही केवढी गोष्ट, आणि तिच्या शेजारी हे पावशेर तूप, आणि ते विसरल्याची खंत! दृष्टांतातही माणूस दिसतो तो अशा तपशिलात.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूनं येतो. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा नोंदवला, आणि पुढे स्वप्नांचा अभ्यास प्रयोगशाळेत आला. १९७७ मध्ये हार्वर्डच्या हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडलं की झोपेत मेंदूच्या तळाकडून उठणाऱ्या संकेतांना मेंदूचा वरचा भाग जमेल तशी गोष्ट जोडतो. स्वप्नामागे दडपलेली इच्छा असलीच पाहिजे असं नाही. मग कादंबरीतली अर्थपूर्ण स्वप्नं खोटीच ठरतात की! हा आक्षेप लेखकाला वाटतो तितका मारक नाही. संकेत कसेही उठोत, त्यांना जोडून गोष्ट करताना मेंदू साठा वापरतो तो त्याच माणसाचा. त्याच गोंधळातून एकाला रजिस्ट्री ऑफिस दिसेल, दुसऱ्याला परीक्षेचा हॉल. कथेला तेवढं पुरतं. आणि कथेतलं स्वप्न हे झोपेचं चित्रण नसून लेखकानं निवडलेला प्रसंग आहे, हे वाचक जाणूनच वाचत असतो. कथेतल्या संवादातही खऱ्या बोलण्यातली अडखळ आणि पुनरुक्ती आपण गाळतोच. मला या आक्षेपातून एक फायदाच दिसतो. तो लेखकाला प्रतीकांच्या कोशापासून दूर ठेवतो.

कारण फ्रॉइडनं जितकं दिलं तितकंच त्याच्या नावावर खपलेल्या प्रतीकांनी बिघडवलं. त्याचं स्वप्नांवरचं मोठं पुस्तक १८९९ च्या अखेरीस आलं, त्यावर साल छापलं होतं १९००. त्यानंतर जिना म्हणजे अमुक, साप म्हणजे तमुक असा ठोकताळा लेखकांच्या हाती लागला. हिचकॉकच्या १९४५ सालच्या ‘स्पेलबाउंड’मध्ये साल्वादोर दालीनं रचलेलं स्वप्न पाहायला देखणं आहे, पण मानसोपचारतज्ज्ञ त्याचा एकेक तुकडा सोडवत जातात आणि शब्दकोडं सुटलं की ते संपतं. गंमत म्हणजे फ्रॉइड स्वतः कथेतलं स्वप्न वाचायचा तेव्हा यापेक्षा खूप बारकाईनं वाचायचा. विल्हेल्म जेन्सेनची ‘ग्रादिवा’ ही लघुकादंबरी १९०३ ची. फ्रॉइडनं तिच्यातल्या स्वप्नांवर १९०७ मध्ये पुस्तिका लिहिली. त्यातला पुरातत्त्वज्ञ एका शिल्पातल्या चालत्या मुलीच्या नादी लागलाय. त्याला स्वप्न पडतं की इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक होत असताना आपण पॉम्पेईत आहोत, ती मुलगी समोरून चालली आहे, आणि त्याला उमगतं की ती तर आपल्याच काळात, आपल्याला न कळता, तिच्या स्वतःच्या गावात राहतेय. पुढे कळतं की जिची त्याला भूल पडली आहे ती त्याची बालमैत्रीण आहे, आणि ती खरोखरच त्याच्याच गावात, त्याच्याच रस्त्यावर राहते. स्वप्नानं सत्य जसंच्या तसं सांगितलं, फक्त गाव आणि काळ बदलून. जेन्सेनला फ्रॉइडचा सिद्धान्त ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होतं ते पात्र. तेव्हा कोश बाजूला ठेवून हे तंत्र घ्या: पात्राला जे पाहायचं नाही ते त्याला दाखवा, पण दुसऱ्याच पत्त्यावर.

‘वाचक स्वप्नं गाळून वाचतात’ ही संपादकांची तक्रार खरी आहे, आणि तिचं कारणही उघड आहे. स्वप्नात काहीही घडू शकतं, म्हणून काहीच पणाला लागलेलं नसतं. यावरचा उपाय स्वप्न आणखी चमत्कारिक करणं हा नाही. जागेपणी काहीतरी ठरायचं असेल, तेवढ्यात स्वप्न यावं. रास्कोलनिकोवचं आलं ते कुऱ्हाड उचलायच्या आदल्या दिवशी. ते एका बैठकीत, शक्यतो एका पानात संपावं. आणि ते स्वप्न आहे हे वाचकापासून लपवू नये. चार पानं नायिकेला मारून पाचव्या पानावर तिला अंथरुणात उठवणं ही फसवणूक वाचक एकदा सहन करतो, पुन्हा त्या लेखकाच्या कुठल्याच प्रसंगावर तो पुरता विश्वास ठेवत नाही. काफ्कानं १९१५ च्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये नेमकं उलट केलं. ग्रेगर साम्सा अस्वस्थ स्वप्नांतून जागा होतो आणि किडा झालेला असतो, आणि हे स्वप्न नव्हतं असं निवेदक चटकन सांगून टाकतो. स्वप्नात पळून जायची वाट पहिल्याच पानावर बंद केल्यामुळे पुढचा सगळा संसार सोसावा लागतो.

मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’ लिहून मराठीत संज्ञाप्रवाह आणल्यावर स्वप्नाची गरज उरली का, असंही कुणी विचारील. संज्ञाप्रवाहात मनात येऊन जाणारं सारं दिसतं. पण जे मनात येऊच दिलं जात नाही ते त्यातही येत नाही. तेवढ्यापुरती स्वप्नाची जागा शाबूत आहे, आणि तेवढीच ती असावी.

भाषेबद्दल थोडं. मराठीत स्वप्न सुरू झालं की ‘जणू’, ‘धूसर’, ‘कसलंसं’, ‘अनामिक’ हे शब्द रांग लावून येतात, आणि छापताना अक्षरं तिरपी होतात. हे सगळं बाहेरून पाहणाऱ्याचं आहे. स्वप्न पाहणाऱ्याला स्वप्न धूसर वाटत नाही. बहिणीनं शाळेचा गणवेश घातलाय यात त्याला नवल वाटत नाही. म्हणून वाक्यं सपाट, साधी, जागेपणीपेक्षाही कोरडी असावीत. ‘त्याला दिसलं की’ एकदा म्हटलं तर पुरे; पुढे थेट वर्तमानकाळ धरा किंवा भूतकाळच ठेवा, पण एक धरून राहा. बोली असेल तर स्वप्नातही तीच बोली राहू द्या. गावाकडच्या म्हातारीला स्वप्नात पुस्तकी मराठी बोलायला लावलं की ते स्वप्न तिचं राहत नाही. विनोदालाही मज्जाव नसावा. स्तिवाच्या गाणाऱ्या टेबलांइतकी हलकी स्वप्नं आपल्या कथांत क्वचितच दिसतात.

आणि स्वप्न सांगितलं कुणाला जातं, हे विसरू नका. कथेत स्वप्न सांगणं ही एक कृती आहे, आणि ऐकणाराही तिच्यात पकडला जातो. ‘अ‍ॅना कॅरेनिना’तली अ‍ॅना आपल्या प्रियकराला, व्रोन्स्कीला, आपलं दुःस्वप्न सांगते: विस्कटलेल्या दाढीचा एक ठेंगणा म्हातारा पोत्यात काहीतरी चाचपतोय आणि फ्रेंचमध्ये पुटपुटतोय. तिला वाटतं आपण बाळंतपणात मरणार. तसं होत नाही. भाकीत चुकतं, भीती मात्र शेवटपर्यंत तिच्यासोबत राहते. पण त्या क्षणी वाचकाला ठाऊक असतं की व्रोन्स्कीलाही नुकतंच तसलंच स्वप्न पडलंय. तो ‘काहीतरीच काय’ म्हणतो, त्याच्या स्वरात त्याचाच विश्वास नसतो, आणि आपलं स्वप्न तो तिला सांगत नाही. दोघांमधलं अंतर दाखवायला तोलस्तोयला भांडणाची गरज पडलेली नाही. एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये, १८४७ साली, शहरी सभ्य लॉकवुड स्वप्नात खिडकीबाहेरच्या मुलीचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, त्याच्या सभ्यतेखाली काय आहे ते वाचकाला दिसतं. त्याचं ओरडणं ऐकून आलेला घरमालक हीथक्लिफ मात्र, लॉकवुड बाहेर जाताच, खिडकी उघडून त्याच मुलीला आत ये म्हणून रडत विनवतो. एका स्वप्नानं दोन माणसं उघडी केली, आणि दुसरा तर झोपलेलाही नव्हता.

म्हणून स्वप्नाचा मसुदा झाल्यावर ऐकणारा कोण हे ठरवा. आई, बायको, रिक्षातला अनोळखी सहप्रवासी, डॉक्टर, फोनवरचा जुना मित्र: प्रत्येकासाठी पात्र त्याच स्वप्नातलं वेगळं काहीतरी गाळेल. वाचकानं मूळ स्वप्न पाहिलेलं असतं, त्यामुळे काय गाळलं ते त्याला नेमकं कळतं. हक्कसोड करून घेतलेला तो भाऊ बायकोला स्वप्न सांगेल तेव्हा ऑफिस सांगेल, अंगठा सांगेल, नळाचं पाणी वाया गेल्याचं हसत सांगेल. नळावर कोण होतं ते तिनं विचारलं तर म्हणेल, कुणीतरी शाळेतलं पोर होतं.